रात्री घालायच्या लेन्स: बुबुळाचा आकार, डोळ्याची लांबी आणि नाशिकच्या पालकांचे प्रश्न

अनुजा_इंदिरानगर

नाशिकमध्ये शाळकरी मुलांच्या पालकांत सध्या एक विषय वारंवार निघतो. रात्री झोपताना कडक लेन्स घालायची, सकाळी उठल्यावर काढायची आणि दिवसभर चष्म्याशिवाय फळ्यावरचे वाचायचे, अशी ही ऑर्थोकेराटोलॉजी, म्हणजे बोलण्यातली 'ऑर्थो-के'. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा मायनस नंबर दर तपासणीला वाढतो आहे, म्हणून मी हा विषय मन लावून वाचला. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. जे समजले ते मांडते. जाणकारांनी त्यात भर घालावी आणि चुकले तेथे दुरुस्त करावे.

माझे म्हणणे असे आहे की या लेन्सचे दोन परिणाम आहेत, ते दोन वेगळ्या ठिकाणी होतात, आणि दोघांची गल्लत केल्यामुळे पालक चुकीच्या गोष्टीवर समाधान मानतात. पहिला परिणाम बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे कॉर्नियावर होतो आणि तो काही दिवसांत दिसतो. दुसरा डोळ्याच्या लांबीच्या वाढीवर होतो आणि तो दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. मुलाला सकाळी चष्म्याशिवाय दिसू लागले, हा पहिल्या परिणामाचा पुरावा आहे. दुसऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

मायनस नंबर बहुतेक मुलांत येतो तो डोळा मागच्या बाजूस लांबत गेल्यामुळे. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस ते चोवीस मिलिमीटर असते. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटर वाढीमागे साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजण्याच्या एककाचा) फरक पडतो, कारण प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, न पडता त्याच्या पुढे पडते. डोळ्याची एकूण प्रकाशवळण क्षमता सुमारे ६० डायॉप्टर आहे आणि त्यातले सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाचे आहेत. त्यामुळे डोळ्याची लांबी तशीच ठेवून कॉर्निया किंचित सपाट केला, तरी प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. ४३ डायॉप्टरचा कॉर्निया ४० वर आणायचा असेल, तर त्याच्या वक्रतेची त्रिज्या ७.८५ मिलिमीटरवरून ८.४४ मिलिमीटरवर न्यावी लागते. आकड्यात हे मोठे वाटते, पण प्रत्यक्षात हलणारी जाडी फारच थोडी आहे.

ती किती, याचा अंदाज लेझर शस्त्रक्रियेसाठी १९८८ साली मनरलिन यांनी मांडलेल्या सूत्रावरून करता येतो. सुधारायच्या वर्तुळाच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग घ्यावा, त्याला डायॉप्टरने गुणावे आणि तीनने भागावे; उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मिळते. उणे ३ नंबर ५ मिलिमीटर व्यासाच्या भागात घालवायचा, तर २५ मायक्रॉन. व्यास ४ मिलिमीटर धरला, तर १६ मायक्रॉन. आता कॉर्नियाची मध्यभागातली जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते, आणि तिच्यातला सर्वांत वरचा पेशींचा थर, एपिथेलियम, अवघा ५० मायक्रॉन, म्हणजे पाच ते सात पेशींचा. ऑर्थो-केचा परिणाम मुख्यतः याच थरात होतो: मध्यभागी तो पातळ होतो आणि त्याभोवतीच्या कड्यात कॉर्निया जाड होतो. हेलन स्वॉरब्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे मोजून दाखवले. भाकरी थापताना मधले पीठ कडेकडे सरकावे, तसे काहीसे. त्या थरातल्या पेशी सतत नव्याने तयार होत असल्यामुळे लेन्स बंद केली की आकार पूर्ववत होतो. बहुतेक फरक काही दिवसांत जातो, उरलेला काही आठवड्यांत.

या हिशेबातून मर्यादाही कळते. उणे ६ साठी ५ मिलिमीटरचे वर्तुळ हवे असेल, तर सूत्र ५० मायक्रॉन सांगते, म्हणजे जवळजवळ संपूर्ण थर, आणि ते शक्य नाही. म्हणून नंबर मोठा असला, की सुधारलेले वर्तुळ लहान ठेवावे लागते. दिवसा बाहुली लहान असते, तेव्हा लहान वर्तुळ चालून जाते. अंधारात ती सहा मिलिमीटरपर्यंत उघडली, की वर्तुळाबाहेरून आलेले किरणही पडद्यावर पोहोचतात आणि दिव्याभोवती वलये दिसतात.

आता डोळ्याच्या लांबीविषयी. उणे ३ चे मूल ऑर्थो-के घालून सहा-सहाच्या ओळी वाचू लागले, तरी त्याचा डोळा मागून उणे ३ चाच राहतो. लांबलेल्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो, आणि त्याचे पुढच्या आयुष्यातले धोके, म्हणजे पडदा सुटणे, पडद्याच्या केंद्रभागाची झीज, काचबिंदू, हे कॉर्निया सपाट केल्याने कमी होत नाहीत. ते कमी व्हायचे असतील, तर लांबीची वाढ रोखावी लागते. हाँगकाँगमध्ये पॉलिन चो आणि सिन-वान च्युंग यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला रोमिओ नावाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत साध्या चष्म्याच्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटर लांबले, ऑर्थो-केच्या मुलांचे ०.३६ मिलिमीटर. वाढ ४३ टक्क्यांनी कमी झाली, थांबली नाही. माझ्या मते संपूर्ण विषयातला पालकांनी लक्षात ठेवायचा आकडा हाच आहे.

माझे प्रश्न: नाशिकमध्ये या लेन्स बसवून घेताना नेमके काय तपासून घ्यावे? आणि मुलांना रोज रात्री कडक लेन्स घालून झोपवणे कितपत सुरक्षित आहे?

केदार_अंबड

अनुजाताई, उत्तम मांडणी. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे मायक्रॉनचे हिशेब रोजचेच आहेत. माझी शंका यांत्रिक आहे. साचा दाबून धातूला आकार देतो, तेव्हा साचा आणि वस्तू एकमेकांना टेकतात. येथे लेन्स बुबुळाला टेकून दाबत असेल, तर रात्रभरात त्या नाजूक पेशी खरवडल्या जाणार नाहीत का? आणि टेकत नसेल, तर आकार कसा बदलतो?

ऋता_ऑप्टोमेट्रिस्ट

केदार, लेन्स मध्यभागी टेकत नाही, किंवा टेकू नये. लेन्सचा मध्यभाग आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा काही मायक्रॉनचा थर राहतो, आणि जे काम होते ते या द्रवाच्या थरातून होते. लेन्सचा मध्यवक्र कॉर्नियापेक्षा सपाट असतो. त्याच्या बाहेर एक कडे कॉर्नियापेक्षा अधिक वळलेले असते. तेथे अश्रूंचा साठा जाड होतो. म्हणून या लेन्सना उलट्या वक्रतेच्या लेन्स म्हणतात. त्याबाहेरचे कडे कॉर्नियाच्या उताराशी समांतर बसते आणि लेन्सला मध्यावर धरून ठेवते, आणि शेवटची कडा किंचित उचललेली असते, जेणेकरून अश्रू आत-बाहेर होत राहतील. पापणी मिटल्यावर मध्यभागी पातळ थरात दाब निर्माण होतो आणि जाड थराच्या कड्यात ओढ. पेशींचा थर या फरकाला प्रतिसाद देतो. पेशी दबून सपाट होतात, की त्यांतला द्रव सरकतो, की नव्या पेशी कड्यात अधिक जमतात, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे. तिन्हींचा थोडाथोडा वाटा असावा असे मला वाटते.

तुमच्या 'खरवडण्या'च्या शंकेत मात्र तथ्य आहे. लेन्स प्रमाणाबाहेर सपाट बसवली, तर ती मध्यभागी घासते आणि सकाळी हिरवा रंग टाकून पाहिल्यावर मधोमध ठिपके दिसतात. असे ठिपके दिसले, तर लेन्स बदलायची. 'सवय होईल' म्हणून पुढे ढकलायचे नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण जुन्या अनुभवांवरून काही ज्येष्ठ मंडळी आजही या पद्धतीला नाव ठेवतात. शिकागोचे जॉर्ज जेसन यांनी १९६२ मध्ये मुद्दाम सपाट बसवलेल्या कडक लेन्सने नंबर कमी करण्याची पद्धत मांडली. त्या काळच्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन जात नसे, त्यामुळे लेन्स दिवसा घालाव्या लागत. त्या वर सरकत आणि नंबर कमी होण्याऐवजी सिलिंडर नंबर उत्पन्न होई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उलट्या वक्रतेच्या लेन्स आल्या आणि लेन्स मध्यावर स्थिर राहू लागली. ऑक्सिजन जाऊ देणारे फ्लोरोसिलिकॉन ॲक्रिलेटचे पदार्थ मिळू लागल्यावर झोपेत लेन्स घालणे शक्य झाले, आणि जून २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या रात्रीच्या लेन्सला उणे ६ पर्यंतचा नंबर आणि १.७५ पर्यंतचा सिलिंडर यासाठी मान्यता दिली. कागदावर मर्यादा उणे ६ असली, तरी व्यवहारात उणे ४ पर्यंत निकाल सर्वांत भरवशाचे येतात. कारण अनुजाताईंच्या हिशेबात आहेच.

ऑक्सिजनचा मुद्दा गौण नाही. पापणी मिटल्यावर कॉर्नियाला मिळणारा ऑक्सिजन उघड्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशावर येतो, आणि त्यावर लेन्सचा अडसर पडतो. म्हणून लेन्सचा पदार्थ कोणता आणि त्याची ऑक्सिजन पारगम्यता (डीके, म्हणजे पदार्थातून ऑक्सिजन किती जातो त्याचा आकडा) किती, हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ती १०० किंवा त्याहून अधिक असावी.

मधुरा_कॉलेजरोड

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि या लेन्स वापरतो. रोजचा अनुभव सांगते, कारण जाहिरातीत तो येत नाही.

पहिल्या रात्रीनंतरच सकाळी बराच फरक जाणवला, पण दुपारी शाळेत तो ओसरला. पूर्ण परिणाम स्थिरावायला आठवड्याहून थोडा अधिक वेळ गेला. या मधल्या काळात जुना चष्मा चालत नाही, कारण नंबर रोज बदलत असतो. आमच्या तज्ज्ञांनी तेवढ्या काळासाठी कमी नंबरच्या, एकदा वापरून टाकायच्या मऊ लेन्स दिल्या. शिक्षकांना आधी सांगून ठेवल्याने फार सोयीचे झाले. संध्याकाळी गंगापूर रोडवरून येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात असे तो सुरुवातीला सांगत असे. ती कमी झाली, गेली नाहीत.

सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली असते, ही गोष्ट प्रत्येक पालकाला आधी माहीत असायला हवी. उठल्याबरोबर ओढून काढायची नाही. वंगणाचे थेंब टाकायचे, काही वेळ उघडझाप करायची, खालच्या पापणीच्या कडेने बुबुळाला हलकेच ढकलायचे, आणि लेन्स हलू लागली की मगच काढायची. मूल शाळेच्या घाईत असेल, तर येथेच चूक होते. म्हणून आम्ही उठण्याची वेळच अलीकडे आणली.

एक मोठा लाभ मात्र मनापासून सांगावासा वाटतो. मुलगा सावरकर जलतरण तलावावर पोहायला जातो. दिवसा डोळ्यात लेन्स नसल्यामुळे तो निर्धास्त पोहतो, आणि चष्म्याच्या मुलांना तलावात जे धूसर दिसते ते त्याला नाही.

लेन्स धुताना नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत, असे आम्हाला बजावून सांगितले होते. आमच्या सासूबाई विचारतात, गंगापूर धरणाचे शुद्ध केलेले पाणी आपण पितो, मग लेन्सला का चालत नाही? डॉक्टरांपैकी कोणी याचे उत्तर द्यावे.

डॉ_नाशिकरोड

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण माझ्या मते या उपचारातला खरा धोका येथेच आहे.

पालिकेचे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असते, निर्जंतुक नसते. त्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पोटात गेला तर तो काही करत नाही. त्याचे कवच धरलेले रूप क्लोरिनलाही दाद देत नाही. शिवाय आपल्याकडे पाणी धरणातून थेट नळाला येत नाही. ते इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत साठते, आणि टाकीच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरात हे जीव आणि त्यांचे खाद्य असलेले जिवाणू नांदतात. त्या पाण्याचा थेंब लेन्सवर राहिला, लेन्स डोळ्यावर गेली आणि वरून आठ तास पापणी मिटली, की जंतूला ऊब, ओलावा आणि वेळ तिन्ही मिळतात. कॉर्नियाचा वरचा थर मध्यभागी पातळ झालेला असतो, ही त्यात भर.

२००० च्या सुमारास चीन, हाँगकाँग आणि तैवानमध्ये ऑर्थो-के वापरणाऱ्या मुलांत कॉर्नियाच्या गंभीर संसर्गाच्या नोंदी झाल्या. त्या अभ्यासल्यावर दोन जंतू ठळकपणे पुढे आले: स्यूडोमोनास हा जिवाणू आणि अकँथअमीबा. दुसऱ्याचे प्रमाण इतर कॉन्टॅक्ट लेन्सच्या संसर्गांच्या तुलनेत फार अधिक होते, आणि त्याचा संबंध लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुण्याशी लावला गेला.

धोका किती, याचे उत्तर आकड्यात द्यायचे, तर अमेरिकेतील बुलिमोर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास पाहावा. दहा हजार रुग्णवर्षांमागे कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण एकूण ७.७ आणि मुलांत १३.९ आढळले. म्हणजे साधारण सातशे मुलांनी वर्षभर लेन्स वापरल्यास त्यांतल्या एकाला. अभ्यासात सापडलेले रुग्ण मोजकेच असल्यामुळे हा आकडा ढोबळ समजावा. तो लहान आहे, पण ज्या मुलाच्या बुबुळावर फूल पडले त्याच्यासाठी तो लहान नाही. मूल आठव्या वर्षी सुरू करून पंधराव्या वर्षापर्यंत लेन्स घालणार असेल, तर हा धोका दरवर्षीचा आहे, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

त्यामुळे लेन्सला, डबीला आणि ती काढायच्या छोट्या रबरी साधनालाही पाण्याचा स्पर्श नको. हात साबणाने धुऊन, स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण कोरडे करून मगच लेन्स हाताळावी. डबीतले द्रावण रोज टाकून नवे भरावे, जुन्यात भर घालू नये, आणि डबी तज्ज्ञांनी सांगितलेल्या मुदतीत बदलावी. फिल्टरचे पाणी, उकळलेले पाणी, बाटलीबंद पाणी हेही लेन्ससाठी पाणीच आहे.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर त्या रात्री लेन्स घालायची नाही आणि त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञांना दाखवायचे. अकँथअमीबात दिसणाऱ्या लालीच्या मानाने वेदना पुष्कळ असतात. येताना लेन्स आणि डबी न धुता सोबत आणावी, कारण तिच्यातून जंतू शोधता येतो. औषधाच्या दुकानातून 'डोळे आले' म्हणून थेंब घेऊन टाकू नका. त्यांत स्टिरॉइड असेल, तर लाली उतरते आणि आत संसर्ग पसरत राहतो. याबद्दल मी रुग्णांना वारंवार बजावतो आणि येथेही कळकळीने सांगतो.

प्रभाकर_पंचवटी

डॉक्टरसाहेब, हे वाचून काळजी वाटली. आमच्या पिढीत चष्मा लागला की लावला, त्यात काय बिघडले? नातवाला रोज रात्री डोळ्यात काही घालण्यापेक्षा चष्मा बरा नाही का? खर्चही चष्म्याच्या कितीतरी पट आहे.

डॉ_नाशिकरोड

काका, चष्म्यात वाईट काहीच नाही, आणि नंबर लहान असून स्थिर असेल, तर मी स्वतः चष्माच सुचवतो. प्रश्न येतो तो लहान वयात झपाट्याने वाढणाऱ्या नंबराचा. साध्या चष्म्याने दिसते, पण वाढ रोखली जात नाही. बुलिमोर आणि ब्रेनन यांनी २०१९ मध्ये मोठ्या लोकसंख्यांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष असा, की नंबर एक डायॉप्टरने कमी राहिला, तर पडद्याच्या केंद्रभागाच्या झिजेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणून वाढ रोखण्याचे उपाय करावेत, असे मी म्हणतो.

पण वाढ रोखण्याचा ऑर्थो-के हा एकमेव मार्ग नाही. अत्यल्प मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब आहेत. हाँगकाँगच्या लॅम्प अभ्यासात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के या तिन्हींमध्ये ०.०५ टक्क्याने सर्वाधिक परिणाम दाखवला. कडेच्या भागात बारीक भिंगे असलेले विशेष चष्मे आहेत, दिवसा घालायच्या दुहेरी केंद्राच्या मऊ लेन्स आहेत. ज्या घरात स्वच्छतेची शिस्त रोज पाळणे जमणार नाही, तेथे मी थेंब किंवा विशेष चष्माच देतो. आणि उघड्यावर खेळण्याला पर्याय नाही. रोज दोन तास उजेडात घालवल्याने नंबर लागणे लांबते, याचे पुरावे भक्कम आहेत. लागलेल्या नंबराची वाढ त्याने कितपत मंदावते, याचे तितके भक्कम नाहीत. तरीही नातवाला गोल्फ क्लबच्या मैदानावर जरूर न्या.

सुमेध_देवळाली

मी सैन्यभरतीची तयारी करतो आहे. माझा नंबर उणे १.७५ आहे. तपासणीच्या आधी काही आठवडे या लेन्स वापरल्या, तर दृष्टी सहा-सहा येईल असे एका मित्राने सांगितले. हे योग्य आहे का?

ऋता_ऑप्टोमेट्रिस्ट

सुमेध, दृष्टी येईल. पण तपासणीच्या हेतूने असे करू नये. कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचे यंत्राने काढलेले चित्र, काढला, की मध्यभागी सपाट वर्तुळ आणि भोवती उंच कडे स्पष्ट दिसते आणि लपवलेले उघड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रशिक्षणाच्या तंबूत किंवा सीमेवरच्या ठाण्यात रोज निर्जंतुक द्रावण आणि सलग आठ तास झोप मिळणार नाही, आणि लेन्स सुटली की काही दिवसांत नंबर परत येईल. ज्या शाखेत जायचे आहे, तिच्या जाहिरातीतले दृष्टीचे निकष मूळ वाचा आणि नेत्रतज्ज्ञांना तेच दाखवून विचारा. पुढे लेझर शस्त्रक्रियेचा विचार असेल, तरीही कोणत्याही लेन्स आधी बंद करून कॉर्निया मूळ आकारावर स्थिर झाल्याचे लागोपाठच्या नकाशांवरून पाहावे लागते.

अनुजा_इंदिरानगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद वाचून माझी एक शंका अधिक टोकदार झाली आहे. लेन्स चालू असताना चष्म्याचा नंबर मोजून डोळ्याची वाढ कळणार नाही, कारण कॉर्निया तर आपण बदललेला आहे. मग वर्षाने उपचाराचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ठरवायचे?

ऋता_ऑप्टोमेट्रिस्ट

अनुजाताई, लांबीवरूनच. प्रकाशाने डोळ्याची लांबी मोजणारे यंत्र नाशिकमध्येही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणाऱ्या अनेक रुग्णालयांत असते, कारण आतल्या भिंगाचा नंबर काढायला ते लागते. डोळ्याला स्पर्श न करता काही सेकंदांत मोजमाप होते. लेन्स सुरू करण्याआधी एकदा मोजून घ्या आणि मग दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच यंत्रावर. मध्यभागातला थर पातळ झाल्याने सुरुवातीला शतांश मिलिमीटरचा फरक दिसू शकतो. तो डोळा आखूड झाल्याचा पुरावा समजू नये. 'लेन्सने डोळा आखूड झाला' असे कोणी सांगितले, तर हेच कारण असण्याची शक्यता अधिक.

सुरू करण्याआधी कॉर्नियाचा नकाशा दोन कारणांसाठी हवा. एक, लेन्स त्यावरूनच आखली जाते, आणि नंतरच्या नकाशाशी ताडून पाहता येते. लेन्स नीट बसली असेल, तर फरकाच्या नकाशात बाहुलीच्या समोर गोल वर्तुळ आणि भोवती अखंड कडे येते. लेन्स वर सरकत असेल, तर खाली अर्धचंद्रासारखे कडे उमटते, मुलाला एकाच्या दोन कडा दिसतात, आणि तक्त्यावरच्या ओळी वाचता येत असल्या, तरी ती बसवणूक सदोषच असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस नावाचा विकार आपल्याकडे किशोरवयात आढळतो, तो डोळे सतत चोळण्याशी निगडित आहे, आणि त्यात ऑर्थो-के देत नाहीत. उन्हाळ्यात, आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात आणि धुळीत, अनेक मुलांचे डोळे खाजतात. पापण्यांच्या आत खडबडीत दाणे येतात. अशा मुलाची ॲलर्जी आधी आटोक्यात आणावी आणि मगच लेन्सचा विचार करावा. नकाशा न काढता केवळ चष्म्याच्या नंबरावरून लेन्स मागवून देणारे कोणी भेटले, तर तेथून परत फिरावे.

लांबणाऱ्या डोळ्यावर याचा परिणाम का होतो, हे तुम्ही विचारले नाही, पण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला ते आवडेल. साध्या चष्म्याने मधली प्रतिमा पडद्यावर येते, परंतु कडेची बहुधा पडद्याच्या मागे पडते, आणि डोळा तिच्यामागे वाढतो असे मानले जाते. ऑर्थो-केने भोवतीचे कडे उंच झाल्याने कडेची प्रतिमा पडद्याच्या पुढे येते आणि वाढीची सूचना मंदावते. अर्थात हे अद्याप गृहीतकच आहे. गोलीय दोष, म्हणजे मधून आणि कडेने आलेले किरण एकाच बिंदूत न जुळणे, वाढल्याचाही त्यात वाटा असावा असे काही अभ्यासक मानतात. त्या दोषामुळेच रात्री वलये दिसतात.

मधुरा_कॉलेजरोड

ऋता, आमच्या मुलाला दहावीच्या वर्षी या लेन्स सोडायच्या आहेत. मध्येच सोडल्या तर चालते का?

ऋता_ऑप्टोमेट्रिस्ट

दृष्टी काही दिवसांत चष्म्यावर परत येईल, त्याची भीती नाही. लांबीचा प्रश्न मात्र वयावर अवलंबून आहे. चो आणि च्युंग यांच्याच २०१७ च्या अभ्यासात चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी लेन्स बंद केलेल्या मुलांच्या डोळ्यांची वाढ पुन्हा वेगाने झाली, आणि लेन्स परत सुरू केल्यावर मंदावली. म्हणून तारीख परीक्षेवरून ठरवू नका. आताची लांबी मोजा, मागच्या दोन मोजमापांशी ताडा. वाढ जवळजवळ थांबलेली असेल, तर सोडा, आणि सोडल्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढ चालू असेल, तर दहावीच्या वर्षापुरते डॉक्टरांकडून थेंब किंवा विशेष चष्मा घेऊन बदली करता येते.

आणखी एक. मुलाला ताप, सर्दी किंवा डोळ्यात थोडीही लाली असेल, त्या रात्री लेन्स घालू नका. दुसऱ्या दिवशी थोडे अंधूक दिसेल, एवढेच. त्यासाठी जुन्या नंबराचा एक चष्मा आणि थोड्या कमी नंबराचा एक, असे दोन्ही घरात ठेवावेत.

अनुजा_इंदिरानगर

मुलीच्या कॉर्नियाचा नकाशा आणि लांबीचे मोजमाप करून घेते. लेन्स, थेंब की चष्मा, हे अहवाल पाहिल्यावरच ठरवू. तिचे डोळे चैत्र-वैशाखात खाजतात, त्यामुळे ॲलर्जीची तपासणी आधी होईल. डॉक्टर, पाण्याविषयीचा तुमचा प्रतिसाद आमच्या शाळेच्या पालकगटात देण्यास तुमची परवानगी असावी.

डॉ_नाशिकरोड

अवश्य द्या. त्यासोबत एवढे जोडा, की मुलाला लेन्स स्वतः घालता-काढता येत असली, तरी सकाळ-संध्याकाळ मोठ्या माणसाने शेजारी उभे राहून पाहावे. सुरुवातीला सगळे काळजी घेतात. पाणी वापरणे, डबी न बदलणे आणि तपासणी चुकवणे हे सवयीचे झाल्यावर सुरू होते. दर तीन महिन्यांची तपासणी दिसण्यात काही त्रास नसला, तरीही करून घ्यावी.